सरपंच, बीडीओ, कलेक्टर... नागरिकशास्त्र हाताने करून शिकवायचंय, आयडिया द्या

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,
मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, सहावी-सातवीचं नागरिकशास्त्र माझ्याकडे असतं. सहावीला ग्रामीण स्थानिक शासन, मग शहरी, मग जिल्हा प्रशासन असं लागोपाठ येतं आणि तिथं पोरांचं गाडं रुततं. पाठ सगळं आहे हो. सरपंच-सभापती-अध्यक्ष एका दमात म्हणतात, ग्रामसेवक-गटविकास अधिकारी-मुख्य कार्यकारी अधिकारी पण म्हणतात, तलाठी-तहसीलदार-जिल्हाधिकारी तर विचारूच नका. पण "सरपंचानं तलाठ्याला सांगितलं की सातबारा दे तर त्याला ऐकावं लागेल का?" असं विचारलं की वर्ग गप्प. एकानं मला उलट विचारलं की मॅडम कलेक्टर मोठा की झेडपीचा अध्यक्ष मोठा, आणि मोठा म्हणजे नक्की काय हे सांगण्यातच तास संपला.

वर्गात आधीपासून एक पिरॅमिडचा छापील तक्ता टांगलेला आहे, वर राष्ट्रपती आणि एकदम खाली ग्रामपंचायत. त्यातून पोरांनी एवढाच अर्थ काढलाय की राष्ट्रपती सगळ्यांचे साहेब आणि आपलं गाव सगळ्यात खालच्या पायरीवर. तर मला असं काहीतरी पाहिजे जे पोरं स्वतः कापतील, चिकटवतील, ओढतील, आणि ते करताना कोण कुणाला निवडतं आणि कोण कुणाला नेमतं हे डोक्यात बसेल. आनंददायी शनिवारचा वेळ वापरता येईल. बजेट जवळपास शून्य. पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका (ढीगभर आहेत, गावात लग्नं कमी नाहीत), काडेपेट्या, लोकर, खळ एवढं मिळेल. थर्माकोल सांगू नका, राज्यात २०१८ पासून बंदीच आहे आणि वर्गभर ते पांढरे दाणे उडतात ते वेगळंच. पस्तीसेक पोरं आहेत.

कुणी केलंय का असं काही?

---

खडूची_भुकटी

मॅडम, लग्नपत्रिका वाचल्या आणि राहवलं नाही, माझ्या वर्गातलं निम्मं शैक्षणिक साहित्य त्याच्यावरच चालतं. जाड असतात, पाठीमागून कोऱ्या असतात, आणि मुलं "ही माझ्या मामाची" करत आनंदानं कापतात.

मी जे करतो ते सांगतो. बिस्किटांच्या मोठ्या खोक्याचा सपाट पुठ्ठा घ्यायचा, भिंतीवर लावता येईल असा. सगळ्यात खाली आडवी रुंद पट्टी, तिच्यावर मुलांनी चेहरे काढायचे, आजी, बाबा, दुकानदार, ऊसतोडीला जाणारे, जे गावात आहेत ते सगळे. ही मतदारांची पट्टी. पुठ्ठ्यावर बाकीच्यांची कार्डं लावायची, एका बाजूला निवडून येणारे, मध्ये पंचायत राजचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला महसूलवाले. मुद्दाम वर-खाली उतरंड करायची नाही, सरळ पसरून लावायची. प्रत्येक कार्डाखाली दाभणानं दोन-तीन भोकं पाडायची (दाभण मोठ्या माणसानंच धरायचं, हे लिहून ठेवतो).

आता लोकर. हिरवा धागा म्हणजे "निवडून दिलं". लाल धागा म्हणजे "नेमणूक केली". मुलांना गट पाडून एकेक पद द्यायचं आणि विचारायचं, तुझ्याकडे धागा कुठून येतो ते शोध आणि ओव. मतदारांच्या पट्टीतून हिरवे धागे निघतात ते ग्रामपंचायत सदस्याकडे, सरपंचाकडे, पंचायत समिती सदस्याकडे, जिल्हा परिषद सदस्याकडे. सभापतीकडे मतदारांचा धागा थेट जात नाही, तो पंचायत समितीच्या सदस्यांकडून जातो. झेडपी अध्यक्षाचंही तसंच. ग्रामसेवकाचा लाल धागा सरपंचाकडून येत नाही, झेडपीच्या सीईओकडून (मुख्य कार्यकारी अधिकारी) येतो, इथं मुलं पहिल्यांदा "अरेच्चा" म्हणतात कारण त्यांना वाटत असतं तो सरपंचाचा माणूस. पण पाण्याची मोटर चालू करणारा दादा मात्र ग्रामपंचायतीनंच ठेवलेला, त्याचा लाल धागा पंचायतीकडून. तलाठ्याचा धागा महसूल खात्याकडून. पोलीस पाटलाचा प्रांताकडून (उपविभागीय अधिकारी). म्हणजे तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर पुठ्ठ्यावरच मिळतं, सरपंच आणि तलाठी यांच्यामध्ये एकही धागा नाही. सांगू शकतो, विनंती करू शकतो, हुकूम देऊ शकत नाही.

आणि आता खरी गंमत. सगळं ओवून झालं की एक तरी पोरगं म्हणतंच, गुरुजी, कलेक्टरला हिरवा धागाच नाही. मग विचारायचं की लाल धागा कुठून आला? राज्य सरकारनं इथं पाठवलं (आयएएस म्हणून निवड दिल्लीतून यूपीएससीची, पण जिल्हा कुठला द्यायचा ते राज्य ठरवतं). राज्य सरकार म्हणजे कोण, मंत्रिमंडळ. मंत्री कुठून आले, आमदारांमधून. आमदार कुठून, तर परत त्याच खालच्या पट्टीतून! मुलं स्वतः हिरवा धागा ओढत नेतात, मतदार ते आमदार ते मंत्रिमंडळ, आणि तिथून लाल धागा कलेक्टरपर्यंत. आजीचा धागा कलेक्टरपर्यंत पोचतो पण लांबचा वळसा घेऊन. "मोठा कोण"चं उत्तर मी देत नाही, धागा दाखवतो. एक लांबून आलाय, एक जवळून, ज्याला जाब विचारायचा त्याचा धागा आधी शोधा.

लोकरीचे रंग दोनच ठेवा. मी एकदा पैशासाठी पिवळा पण घातला तर पुठ्ठ्याचं घरटं झालं.

---

पंचायतवाला

विस्तार अधिकारी म्हणून रिटायर झालोय, आयुष्य पंचायत समितीत गेलं. भुकटी गुरुजींचा धाग्याचा प्रकार आवडला, पण कार्डं करायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करा, नाहीतर पोरं चुकीचंच पाठ करतील.

सरपंचाचा हिरवा धागा. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, २०२० ला परत सदस्यांमधून, २०२२ ला पुन्हा थेट. तेव्हा घरातली मोठी माणसं वेगळं सांगतील, ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या वेळी तसं होतं. मी तर म्हणतो हे कार्ड काढता-घालता येईल असं करा. धागा आधी सदस्यांकडून ओवा, मग सोडवून मतदारांकडून ओवा. कायदा बदलला की सरकारची रचना बदलते हे एवढ्यात कळतं. उपसरपंच मात्र सदस्यांमधूनच.

नावं. २०२४ ला ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. गावात अजून कुणी असं म्हणत नाही, मी पण नाही. कार्ड दुहेरी करा, वर जुनं नाव, उघडलं की आत नवं.

आकडे. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य, जिल्हा परिषदेत ५० ते ७५. जिल्हे ३६ पण जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांना झेडपी नाही. महिलांना निम्म्या जागा, तेव्हा चेहरे काढताना निम्म्या खुर्च्यांवर बाया बसवायला सांगा. पोरं सवयीनं सगळे फेटेवाले पुरुषच काढतात, आणि जिथं बाई काढतात तिथं शेजारी तिचा नवरा पण काढतात!! (यावर वेगळा धागा होईल, इथं नको.)

पंचायत समितीचे सभापती जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्य असतात, तो एक धागा गुरुजींच्या लिहिण्यात राहिला.

आणि एक महत्त्वाचं. २०२२ पासून आपल्याकडे बऱ्याच जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या निवडणुका न झाल्यानं प्रशासकाच्या हाती होत्या. झेडपीत सीईओच प्रशासक, पंचायत समितीत बीडीओच (गटविकास अधिकारी) प्रशासक. हे मॉडेलवर करून दाखवा. कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं "प्रशासक" अशी चिठ्ठी सीईओच्या कार्डावर लावा आणि झेडपीचे सगळे हिरवे धागे कात्रीनं कापा. पुठ्ठ्यावर काय उरतं ते पोरांना बघू द्या. मला नाही वाटत त्यानंतर निवडणूक कशाला लागते हे वेगळं सांगावं लागेल.

---

फटकळ_भाऊ

मला एक कळत नाही. ग्रामपंचायत शाळेपासून हाकेच्या अंतरावर असेल. पोरांना उचला आणि घेऊन जा. लोकर कशाला, पुठ्ठा कशाला? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ला ग्रामसभा असते, त्यातल्या दोन दिवशी तर पोरं झेंडावंदनाला शाळेत आलेलीच असतात. बसवा मागे. चिकटवाचिकटवी करून कुणाला लोकशाही आली ते दाखवा मला.

---

पाटीपेन्सिल

@फटकळ_भाऊ, नेते ना, दर वर्षी नेते. ऑफिसात पोरांना दिसतं काय, एक टेबल, एक कपाट, भिंतीवर फोटो आणि कुलूप लावलेला कॉम्प्युटर. ग्रामसेवकांकडे दोन-तीन गावं असतात, ते असतातच असं नाही. ग्रामसभेत कोरमअभावी तहकूब हा शब्द मात्र चांगला शिकून आली पोरं. जे दिसत नाही ते दाखवायला पुठ्ठा लागतो हो. पण तुमचं बरोबर आहे की नुसत्या पुठ्ठ्यावर थांबायचं नाही.

@भुकटी गुरुजी आणि @पंचायतवाला काका, हे जबरदस्त आहे. धागे कापायचं तर नक्की करणार. एक शंका, शहराच्या धड्याला पण असंच करता येईल का? आमच्या पोरांनी महानगरपालिका फक्त बसमधून बघितलीय.

---

चौथामजला

शहरातली आई बोलतेय. आमच्या मुलाच्या शाळेतून "प्रोजेक्ट: लोकल गव्हर्नमेंट मॉडेल" असा मेसेज रात्री नऊला आला, सकाळी द्यायचं. सोसायटीतल्या सगळ्या आया खालच्या स्टेशनरीच्या दुकानात, तयार संसद भवन मिळतं तिथं, घुमट लावलेला. वर्गात सगळ्यांनी एकसारखं संसद भवन नेलं, विषय नगरपालिकेचा होता. शिक्षकांनी कुणालाच काही विचारलं नाही, कपाटावर ठेवलं. म्हणून तुमचा धागा वाचून इतकं बरं वाटलं की लॉगिन करून लिहितेय.

शहरासाठी आम्ही घरी दोन पाकिटांचा खेळ केला. एका पाकिटावर महापौर, एकावर आयुक्त. महापौराला नगरसेवक निवडतात, आयुक्ताला राज्य सरकार पाठवतं. नगरपरिषदेत मात्र नगराध्यक्ष थेट लोकांमधून आणि मुख्याधिकारी सरकारकडून, म्हणजे तुमच्या भाषेत हिरव्या धाग्याची वाट दोन ठिकाणी वेगळी. मग पेपरातली कात्रणं कापायची आणि ठरवायचं, हे काम सभागृहानं ठरवायचं की आयुक्तांच्या सहीनं होतं. पाणीपट्टी वाढवायची, फेरीवाल्यावर कारवाई, बजेट, नालेसफाई. निम्म्या कात्रणांवर आमच्या घरातच वाद झाला, नवरा म्हणे सगळं आयुक्तच करतो. बजेट आयुक्त मांडतात पण मंजूर सभागृह करतं, हे शोधून काढल्यावर ते कात्रण आम्ही फाडून दोन्ही पाकिटांत अर्धं अर्धं टाकलं.

मुलांना सगळ्यात आवडलं ते बुटाच्या खोक्याचं मतदान यंत्र. खऱ्या बॅलट युनिटवर १६ बटणं असतात आणि शेवटच्या उमेदवारानंतर नोटा (वरीलपैकी कोणी नाही), तो २०१३ पासून आला. आम्ही शर्टाची बटणं चिकटवली. खोक्याच्या मागे एक मूल बसतं, बटण दाबलं की ते पलीकडून चिठ्ठी खिडकीत धरतं आणि सातपर्यंत मोजून आत टाकतं, कारण व्हीव्हीपॅटची (कुणाला मत गेलं ते दाखवणारं यंत्र) चिठ्ठी सात सेकंद दिसते. तोंडानं पीऽऽ असा आवाज काढायला मुलांची भांडणं लागतात. निवडणूक कशाची, तर रविवारी नाश्त्याला काय. पोहे पडले.

---

रानवाट

गडचिरोलीकडून लिहितोय. वरचे सगळे पुठ्ठे वाचले, छान आहेत, पण आमच्याकडे त्या खालच्या पट्टीवर सगळं अडतं. तुम्ही लोकांनी ग्रामसभा म्हणजे मतदारांची पट्टी एवढंच केलंय. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथं लागू आहे तिथं, तसं नाही. १९९६ चा कायदा, आपल्या राज्याचे नियम २०१४ चे, आणि त्यात पाड्याची, टोल्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. गौण वनोपज, तेंदू, बांबू, गावातलं पाणी, यावर ती ठरवते. लेखा-मेंढा गाव तर सगळ्यांना माहीत आहे, "आमच्या गावात आम्हीच सरकार" तिथलंच, आणि सामूहिक वनहक्क देशात पहिल्यांदा मिळालेल्या गावांत ते आहे, २००९ ला. तिथं निर्णय मतांनी नाही, सर्वसहमतीनं होतात.

मी पुठ्ठा वापरत नाही, बांबूच्या कामट्या वापरतो, इथं त्या फुकट आणि मुलांचे हात तरबेज. मधोमध गोल टोपली विणायची, ती ग्रामसभा. तिच्यात मुलं खऱ्या वस्तू टाकतात, तेंदूचं पान, मोहाचं फूल, डिंकाचा खडा, तळ्यातली माती. टोपलीच्या कडेला कामट्या खोचायच्या, त्या ग्रामपंचायत, पंचायत समिती, वनखातं, झेडपी. मग एकेक प्रश्न, या तेंदूचा लिलाव कोण ठरवणार? ज्याच्या हातात असेल त्याच्या कामटीला ते पान अडकवायचं नाहीतर टोपलीतच राहू द्यायचं. आमची मुलं पान टोपलीतच ठेवतात आणि का ठेवलं तेही सांगतात. कारण घरी बघितलेलं असतं, बोनस वाटपाच्या वेळी आई-बाप ग्रामसभेच्या बैठकीला गेलेले असतात.

सर्वसहमती शिकवायला एक खेळ, सगळ्यांनी मिळून एकच कामटी धरायची आणि ठरलेल्या जागी न्यायची. एकानं सोडली की परत सुरू. बहुमत खेळापेक्षा याला वेळ लागतो, ते मुलांना आपोआप समजतं.

---

डिचोलीकर

गोव्यातून. इथल्या मराठी शाळेत शिकवतो, तुमचे तक्ते आम्हाला नेहमी गोंधळात टाकतात. महाराष्ट्राची पुस्तकं, व्हिडिओ बघून आमची मुलं पंचायत समिती लिहितात आणि आमच्याकडे ती नाहीच! गोव्यात दोनच पायऱ्या, ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत, मधली तालुक्याची गळली. जिल्हा पंचायती दोन, उत्तर आणि दक्षिण. सरपंच लोक थेट निवडत नाहीत, पंच आपल्यातून निवडतात, म्हणून अविश्वास ठराव हा आमच्या गावातला बारमाही विषय. तहसीलदार नाही, मामलेदार. विधानसभा ४० ची, विधान परिषद नाही.

आम्ही गणेश चवथीच्या माटोळीवरून (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांनी सजवलेली चौकट) आयडिया घेतली. लाकडाची चौकट वर टांगायची आणि तिला सुंभानं कार्डं लोंबती बांधायची. पंच पाच-सात एकमेकांना जोडून, त्यांच्यातूनच एकाला सरपंचाची टोपी, कागदाची, काढता येईल अशी. अविश्वास ठराव आला की टोपी दुसऱ्याला. मुलांना हे इतकं आवडतं की दर तासाला सरकार पाडतात.

खाली बघणाऱ्यानं मान वर करून बघावं लागतं एवढाच तोटा. देव बरें करूं.

---

मधली_सुट्टी

हायस्कूलला आठवीला नागरिकशास्त्र शिकवते, तिकडची एक गोष्ट टाकते कारण तुमची पोरं उद्या आमच्याकडेच येणार.

विधानसभेचे २८८ चिंचोके. मोजून घ्यायला लावा, तेही शिक्षण. फरशीवर खडूनं अर्धगोल काढायचा. पक्ष खरे घ्यायचे नाहीत, गावात ते परवडत नाही, संध्याकाळी पालक येतात. आमच्याकडे कबड्डी पक्ष, खोखो पक्ष, क्रिकेट पक्ष आणि एक अपक्षांचा गट जो लगोरीवाले म्हणवून घेतो. चिंचोके गेरूनं, हळदीनं, चुन्यानं रंगवायचे. कुणालाच १४५ मिळणार नाहीत असे वाटायचे आणि म्हणायचं, करा सरकार. पुढचा अर्धा तास मी काही बोलत नाही. जो पोरगा एरवी मागच्या बाकावर झोपतो तो लगोरीवाल्यांना मंत्रिपद देऊन फोडत असतो. मग नियम सांगायचा, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं मंत्री एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांच्या वर नाहीत, म्हणजे आपल्याकडे ४३. त्यांना ४३ टाचण्या द्यायच्या, जास्त नाही. वाटून संपल्या की रुसवे सुरू.

विधान परिषदेला ७८ मणी एका दोऱ्यात, पाच रंगांचे. ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालांनी नेमलेले. २२ मण्यांकडे बोट दाखवून सहावीचा धागा इथं जोडता येतो, झेडपी सदस्य आणि नगरसेवक हे पण मतदार होतात. आणि त्या ७ शिक्षक मण्यांना तुम्ही प्राथमिकवाले मत देऊ शकत नाही, माध्यमिकपासून पुढचेच, हे मी नेहमी जरा दबक्या आवाजात सांगते 😄

---

पाटीपेन्सिल

@मधली_सुट्टी ताई, मीठ चोळू नका 😅

@रानवाट, ग्रामसभेचं तुम्ही सांगितलं ते फार पटलं. आमचं पेसात येत नाही, पण पट्टीवर नुसते चेहरे न ठेवता त्यांनी ग्रामसभेत काय ठरवलं त्याच्या चिठ्ठ्या लावता येतील, गेल्या सभेचं इतिवृत्त मागून आणते.

आता मला फक्त शेवटचं एक पाहिजे. धागे कळले, पण रोजच्या कामाला कुणाकडे जायचं हे. पोरांना वाटतं सगळं सरपंचाकडे.

---

खडूची_भुकटी

त्याला खिशांचा तक्ता. जुनी पाकिटं ओळीनं शिवायची किंवा चिकटवायची, प्रत्येकावर कार्यालय. मुलांनी घरून एकेक खरा प्रश्न आणायचा, लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर लिहून, आणि पाकिटात टाकायचा. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार. जातीचा दाखला प्रांत. सातबारा तलाठी. रेशनकार्ड तहसीलचा पुरवठा विभाग. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या नाहीत, तर झेडपीचा आरोग्य विभाग. लाईट गेली, महावितरण. टपाल आलं नाही, ते थेट केंद्र सरकारचं खातं. अर्ज हल्ली सेवा केंद्रातून ऑनलाईन जातो, म्हणून काही मुलं सगळं "सेवा केंद्र" पाकिटात कोंबतात, तेव्हा सांगायचं की तो दरवाजा आहे, सही आतल्या माणसाची.

यातला खड्ड्याचा प्रश्न वेगळा काढा, तो एकटाच तासभर पुरतो. गावातल्या गल्लीतला खड्डा ग्रामपंचायतीचा, गावाला जोडणारा ग्रामीण रस्ता झेडपीचा, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. यासाठी मैलाचे दगड बनवून घ्या. चहाचे कागदी कप उपडे ठेवायचे आणि वरचा भाग रंगवायचा. पिवळा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, नारिंगी खेड्याकडचा रस्ता. जमिनीवर रांगोळीनं गावापासून जिल्ह्यापर्यंतचा रस्ता काढून कप मांडायचे आणि मध्ये मध्ये खडे ठेवायचे, तो खड्डा. मुलगा चालत जातो, खड्डा लागला की कप बघतो आणि तक्रार कुणाकडे ते ओरडून सांगतो. बसमधून येता-जाता खरे दगड वाचायची सवय लागते ती लागतेच.

---

पंचायतवाला

खड्ड्याचं एकदम बरोबर. फक्त एक भर, रस्ता एका खात्याकडून दुसऱ्याकडे वर्ग पण होतो, ग्रामीण रस्त्याचा दर्जा वाढवून जिल्हा मार्ग केला की कप बदलायचा. आमच्या कार्यालयात निम्मी पत्रं "सदर रस्ता आमच्याकडे येत नाही" हीच असायची.

पैशाचा पिवळा धागा गुरुजींनी काढून टाकला ते ठीक, पण पैसा सोडू नका. १०० राजमा घ्या. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायत, १० पंचायत समिती, १० जिल्हा परिषद असा वाटला गेला. तीन वाट्या मांडून पोरांना आधी अंदाजानं वाटायला सांगा. सगळी झेडपीच्या वाटीत ओततात, मोठी म्हणून. मग खरं वाटप करा. ग्रामपंचायतीच्या वाटीत घरपट्टी-पाणीपट्टीचे चार दाणे पोरांनी स्वतःच्या खिशातून टाकायचे, वेगळ्या कडधान्याचे, म्हणजे आपला पैसा कुठला ते दिसतं.

---

फटकळ_भाऊ

बरं ठीक आहे. राजमा आमच्याकडून घ्या, भाव पडलाय. पण ते १०० दाणे वाटून झाले की पोरांना खरा विकास आराखडा पण दाखवा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला असायला पाहिजे. नसेल तर का नाही ते पोरांनीच जाऊन विचारावं, अर्ज लिहून.

---

पाटीपेन्सिल

@फटकळ_भाऊ, राजमा पाठवा, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते 😀 आणि अर्जाची आयडिया घेतली. अर्ज पोरं लिहितील, ग्रामपंचायत अधिकारी असं नवं नाव घालून, आणि पोच घ्यायची हे पण शिकवते.

येत्या शनिवारी आधी धाग्याचा पुठ्ठा करतोय. पत्रिका पोरांनी आत्ताच वाटून घेतल्यात, सरपंचाच्या कार्डाला सोनेरी अक्षरांची पाहिजे म्हणून दोन गटांत भांडण लागलंय आणि ती पत्रिका तलाठ्याच्या गटाकडे आहे, ते द्यायला तयार नाहीत. म्हणतात आमचा तुमचा धागा नाही.

---

खडूची_भुकटी

हाहा, मॅडम, मग धडा झालाच की निम्मा. लोकर जाडी घ्या, पातळ लोकर भोकातून निसटते, आणि मागच्या बाजूला गाठीवर कागदी पट्टी चिकटवा. सोनेरी पत्रिका माझ्याकडे पडून आहेत, राजम्याबरोबर पाठवून देतो.